नववा महिना आणि रुसलेली यंत्रं

नववा महिना लागला आणि घरातल्या यंत्रांनी जणू ठरवून असहकार पुकारला. आधी इमारतीची लिफ्ट बंद पडली. मग लॅपटॉपचा चार्जर एका ठरावीक कोनात धरल्याशिवाय चालेनासा झाला. त्यानंतर रुसलं ते 'र' हे अक्षर. ती कळ दोनदा जोरात दाबल्याशिवाय पडद्यावर काही उमटेना. मराठीत लिहिणाऱ्याचं एक वेळ 'ढ'वाचून भागेल, पण 'र'वाचून कसं चालायचं?

पुण्यात कोथरूड भागात तिसऱ्या मजल्यावर राहणारी ही लेखिका. वय बत्तीस, पहिलटकरीण. एका दिवाळी अंकासाठी दीर्घकथा द्यायचं तिने मे महिन्यातच कबूल केलं होतं. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून मराठी लेखकाची वार्षिक परीक्षा श्रावण-भाद्रपदातच असते. कथा देण्याची तारीख होती ३१ ऑगस्ट आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख २४ सप्टेंबर. मधे तीन आठवड्यांहून जास्त वेळ. आधी कथा, मग बाळ. हिशेब अगदी सोपा होता.

नोकरीतल्या बाईला निदान रजा तरी मिळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. पण घरी बसून लिहिणारीला रजा कोण देणार? तिने संपादकांकडून मोठ्या मिनतवारीने एक आठवडा वाढवून घेतला. नवी तारीख ठरली, ७ सप्टेंबर.

वेलांटी कुठे गेली?

कथा निम्मी झाली तेव्हा संपादकांचा निरोप आला, "मजकूर आमच्या जुन्या फॉन्टमध्ये पाठवा. पानं त्यातच लागतात."

ती लिहायची युनिकोडमध्ये. त्यात 'कि' लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते. जुन्या फॉन्टमध्ये टाइपरायटरसारखी वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. एकातून दुसऱ्यात मजकूर नेणारा प्रोग्राम असतो खरा, पण त्याने मजकूर बदलून दिला तेव्हा कित्येक वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसल्या होत्या. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालं होतं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. कथा रेल्वे फलाटावरच्या निरोपाची आणि नायिकेचा पदर 'वार्यावर' उडतोय!

मग एकेक ओळ तपासत बसणं आलं. त्यात गुरुवार उजाडला की वीज जायची. लॅपटॉपची बॅटरी तासाभरात मान टाकायची. एकदा तर शेवटची चार पानं साठवायच्या आतच पडदा काळा झाला. नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"अगं, दर पाच मिनिटांनी सेव्ह करत जा म्हणून किती वेळा सांगितलं!"

"सांगायला काय जातं? तू बस की पोटावर लॅपटॉप ठेवून," ती कडाडली.

मांडीवर तो ठेवावा तर आता मांडी उरलीच नव्हती आणि यंत्र तापायचं ते वेगळंच. टेबलाशी बसावं तर पोट आधी टेबलाला लागायचं, हात कळांपर्यंत नंतर पोहोचायचे.

शेजारच्या काकूंची काळजी आणखी वेगळी. "बाई गं, त्या कॉम्प्युटरच्या किरणांनी बाळाला काही व्हायचं नाही ना?" ही भीती जुनी आहे. संगणकाच्या पडद्यासमोर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या टेलिफोन ऑपरेटर बायकांची पाहणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पडद्यामुळे गर्भपाताचं प्रमाण वाढलेलं तिच्यात दिसलं नाही. काकूंना हे सांगून झालं, तरी जाताना त्या पडद्यावर एक टॉवेल टाकून गेल्याच.

'असंच असतं गं!'

यंत्रांच्या जोडीला शरीरही कुरकुरत होतंच. जेवून आडवं झालं की छातीत जळजळ. गर्भारपणात जठराच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो, वर वाढलेली पिशवी जठराला दाबते आणि आंबट पाणी घशाशी येतं. रात्री पाचदा उठावं लागायचं, कारण बाळाचं डोकं मूत्राशयावर. पहाटे पोटरीत गोळा यायचा, तो चोळून सोडवावा लागायचा. संध्याकाळपर्यंत पावलं अशी सुजायची की नवऱ्याच्या चपलाही घट्ट होत.

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तर रात्री पार बधिर व्हायची. तिला वाटलं, हा त्या रुसलेल्या 'र'चा प्रताप, सारखी कळ बडवल्याचा. डॉक्टर म्हणाल्या, तसं नाही. अंगात पाणी साठतं, मनगटातून जाणारी नस सुजेमुळे दाबली जाते. बाळंतपणानंतर बहुधा आपोआप बरं होतं. रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा बांधा.

चष्म्यातूनही थोडं धूसर दिसू लागलं होतं. त्यावरही उत्तर तयार होतं. गर्भारपणात बुबुळाच्या पडद्यातही पाणी साठतं, नंबर किंचित बदलू शकतो, म्हणून बाळंतपण होईपर्यंत नवा चष्मा करू नये.

प्रत्येक तक्रारीला कारण होतं आणि प्रत्येक कारणामागोमाग सासूबाईंचं एकच वाक्य यायचं, "नवव्या महिन्यात असंच असतं गं!" आई फोनवर तेच म्हणायची. काकूही तेच म्हणायच्या. आठवडाभरात तीही तेच म्हणायला शिकली.

मेथीच्या दोन जुड्या

बसवेना, तेव्हा नवऱ्याने तोडगा काढला. कुशीवर पडून फोनला कथा सांगायची, फोन ती आपोआप लिहून काढेल. कल्पना झकास होती. ती डाव्या कुशीवर आडवी झाली, पोटाखाली उशी घेतली आणि डोळे मिटून निरोपाचा प्रसंग सांगू लागली. गाडीची शिट्टी होते, नायिका खिडकीशी धावते, नायक तिचा हात हातात घेतो आणि म्हणतो...

नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली.

संध्याकाळी मजकूर वाचला तेव्हा त्यात लिहिलं होतं, 'त्याने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला दोन जुड्या मेथी निवडायची राहिली आहे.' त्याच्याही पुढे कुकरची शिट्टी गाडीची समजून फोनने काहीतरी अगम्य लिहून ठेवलं होतं.

सगळे पोट धरून हसले. तीही हसली. पण हसताना उजव्या बरगडीखाली कळ आली. बाळाने लाथ मारली असेल, असं म्हणून तिने तिकडे दुर्लक्ष केलं.

'यंत्र बिघडलंय!'

५ सप्टेंबर. मुदत संपायला दोन दिवस. गणपतीची आवराआवर चालली होती. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलेली पॅरासिटामॉलची गोळी घेतली, तरी ते थांबेना. दुपारी पडद्यावर बारीक चांदण्या चमकल्यासारख्या झाल्या. तिने पडदा पुसला. उजेड कमी केला. अक्षरं मोठी केली. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. चांदण्या होत्या तिथेच.

"आता पडदाही गेला वाटतं," ती वैतागून म्हणाली. डोळे मिटल्यावरही त्या चमकत होत्या, हे तिच्या लक्षात आलं. पण मागच्या आठवड्यातलं ते चष्म्याचं कारण हाताशी होतंच.

काकू डोकावल्या. "चेहरा कसा भरून आलाय, छान दिसतेस हो!" बोटातली अंगठी दोन दिवसांपासून निघत नव्हती, पण त्याचंही तिला काही वाटलं नाही.

सासरे, म्हणजे नाना, रोज संध्याकाळी सात वाजता रक्तदाब मोजत. त्यांचं ते छोटं यंत्र, दंडाला बांधायचा पट्टा, शेजारी वही आणि पेन्सिल. त्या दिवशी मोजून झाल्यावर ते सहज म्हणाले, "ये बेटा, तुझाही बघू. डोकं दुखतंय म्हणत होतीस ना?"

यंत्र घुर्र करून थांबलं. आकडे आले १५६ आणि १०२.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली.

तिचं म्हणणं कुणालाच वावगं वाटलं नाही. मागच्या महिन्यात ते मध्येच बंद पडलं होतं, आणि महिनाभर या घरात काय बिघडलं नव्हतं? नवरा खाली जाऊन चार नवे सेल घेऊन आला. नानांनी तिला खुर्चीत नीट टेकून बसवलं, पावलं जमिनीला, हात उशीवर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, असं बजावलं. पुन्हा पट्टा बांधला.

१५८ आणि १००.

नानांनी मुकाट्याने तोच पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. १२८ आणि ८०. त्यांच्या वहीत रोज लिहिलेला असायचा तोच आकडा.

यंत्र ठणठणीत होतं.

घरात क्षणभर शांतता पसरली. आधी उठल्या त्या सासूबाई. महिनाभर 'असंच असतं गं' म्हणणाऱ्या त्याच सासूबाई. कपाटातून बाळंतपणासाठी भरून ठेवलेली पिशवी काढत म्हणाल्या, "चला. आत्ताच्या आत्ता."

"आई, उद्या सकाळी जाऊ या ना. दोनच पानं राहिलीत..."

"माझ्या थोरल्या जाऊबाईंना नवव्या महिन्यात असेच झटके आले होते," सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "आधी दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत होत्या. आम्ही म्हटलं, असंच असतं. झटके आले तेव्हा अंगात आलंय म्हणून लोक बघत उभे राहिले. ना जाऊबाई राहिल्या, ना बाळ. ऊठ."

चाळीस वर्षांत हे त्या घरात कुणीच उच्चारलं नव्हतं.

लिफ्ट बंदच होती. तीन मजले ती कठडा धरून उतरली. प्रत्येक वळणावर नवरा खुर्ची टेकवायचा, ती मिनिटभर बसायची. नानांनी तेवढ्यात डॉक्टरांना फोन केला होता. पलीकडून एकच वाक्य आलं, "वाट बघू नका, निघा."

पानांचा नाही, तासांचा हिशेब

दवाखान्यात पुन्हा रक्तदाब घेतला. १६२ आणि १०८. लघवीत प्रथिनं सापडली. डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यांपुढे काजवे कधीपासून?"

"दुपारपासून. मला वाटलं पडदा खराब झालाय."

"आणि बरगडीखाली दुखतंय?"

"दोन दिवस झाले. बाळाच्या लाथेमुळे असेल ना?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. या विकाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. तो विसाव्या आठवड्यानंतर कधीही उद्भवू शकतो. वारेतल्या रक्तवाहिन्यांची घडण नीट झालेली नसते आणि त्याचे परिणाम आईच्या सगळ्या शरीरभर होतात, मूत्रपिंडावर, यकृतावर, मेंदूवर. बरगडीखालची कळ यकृताची असू शकते, काजवे मेंदूचा इशारा असतात. १४० आणि ९० च्या पुढे रक्तदाब गेला की सावध व्हायचं. १६० किंवा ११० ला टेकला की तासांचा हिशेब सुरू होतो. पुढची पायरी म्हणजे झटके. आणि यावरचा खरा उपाय एकच, प्रसूती.

तिला ३७ आठवडे पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. बाळाची वाढ पुरेशी होती, त्यामुळे थांबण्याचं कारण नव्हतं. रक्तदाब उतरवण्याचं औषध सुरू झालं आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. औषध जुनं आणि स्वस्त. ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे त्यातून दिसलं. शिरेतून ते जाऊ लागलं तेव्हा सगळ्या अंगातून वाफ निघाल्यासारखं वाटलं. खोलीतला दिवा मंद केला गेला. परिचारिका ठरावीक वेळाने गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघत होती.

त्या अंधुक उजेडात पडल्या पडल्या तिला महिनाभरातली सगळी यंत्रं आठवली. चार्जर रुसला, तिने माणूस बोलावला. 'र' अडला, तिने तीन दुकानं पालथी घातली. मजकूर जाऊ नये म्हणून त्याच्या तीन ठिकाणी प्रती ठेवल्या. शरीराने मात्र चार वेळा हाक मारली, डोक्यातून, डोळ्यांतून, बोटांतून, बरगडीतून. दर वेळी तिने तेच उत्तर दिलं, असंच असतं. आणि ज्या एका यंत्राने खरं सांगितलं, त्यालाच तिने बिघडलेलं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी झाली. वजन २ किलो ३५० ग्रॅम, आवाज मात्र कुकरच्या शिट्टीलाही मागे टाकणारा.

काय नेहमीचं आणि काय नाही

नवव्या महिन्यातल्या बहुतेक तक्रारी खरोखरच 'असंच असतं' या सदरातल्या असतात, म्हणूनच तर फसायला होतं. दिवसभर काम करून संध्याकाळी पाय सुजणं नेहमीचं. पण चेहरा आणि हात अचानक सुजणं नेहमीचं नाही. थकव्याने डोकं जड होणं समजू शकतं. गोळीनेही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नये. सारखं लघवीला जावं लागणं ठीक, पण जळजळ होत असेल तर तपासणी हवीच.

बाळाची हालचाल मोजणं सोपं आहे. कुशीवर निवांत पडावं. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर लगेच डॉक्टरांना गाठावं. रक्तदाब घरी मोजायचा तर लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसावं, हात हृदयाच्या पातळीला ठेवावा. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावा. तो तसाच राहिला तर वाद घालत बसू नये. घरी यंत्र नसेल तरी बिघडत नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. रात्री-अपरात्री वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा.

बाळंतपण झालं की धोका संपला, असंही नाही. झटके नंतरही येऊ शकतात, म्हणून सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. पुढच्या खेपेला सुरुवातीलाच डॉक्टरांना हे सांगायचं. बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची का, ते डॉक्टर ठरवतात. पुढे आयुष्यभरही अशा स्त्रीने वर्षातून एकदा तरी रक्तदाब तपासून घ्यावा.

दिवाळी अंकाचं काय झालं? नवऱ्याने ७ तारखेला भीतभीतच संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "कथेचं राहू द्या हो. अंक दरवर्षी निघतो. त्यांना आधी बऱ्या होऊ द्या." इतकं सोपं होतं ते. तिने ऑगस्टमध्येच विचारलं असतं तरी बहुधा हेच उत्तर मिळालं असतं.

कथा पुढच्या वर्षीच्या अंकात आली. 'वार्यावर' एका ठिकाणी तसंच छापलं गेलं. निरोपाच्या प्रसंगातली मेथीच्या जुड्यांची ओळ मात्र चुकून राहिली नव्हती, ती तिने मुद्दाम ठेवली होती. कारण त्या रात्री दवाखान्याच्या दारात तिचा हात सोडताना सासूबाईही असंच काहीतरी म्हणाल्या होत्या, "गॅस बंद केलाय मी. तू घरची काळजी करू नकोस."

नानांचं यंत्र अजून त्याच फळीवर आहे. आता त्यांच्या वहीत दोन रकाने असतात. दुसरा तिचा.